सहा महिने लावा, मग बोला

महाडच्या बाजारपेठेत तात्या समोरून येताना दिसले की जाणती माणसं हात खिशात घालतात. खिशात हात घालण्याइतकी थंडी महाडात पडत नाही, त्यामुळे हे कशासाठी चाललंय ते तात्यांनाही कळतं. ते काही रागावत नाहीत. चहाची वेळ असेल तर चहा पाजतात. कप धरायला हात बाहेर काढावाच लागतो.

नखं दुभंगतात, सालपटं निघतात, टोकं चिरतात, साडीला अडकतात, मोजे ओढताना उलटतात: यातलं काहीही तुम्हाला होत असेल, तर तात्यांना ते तुमच्या आधी कळलेलं असतं. लग्नात नवरी हार घालायला हात उंचावते तेव्हा सगळा मांडव तिच्या दागिन्यांकडे बघतो, तात्या नखांकडे. दहाव्याला गेले तरी सांत्वन करताना समोरच्याचा हात हातात घेतात आणि सोडायला वेळ लावतात. लोकांना वाटतं, तात्यांना फार दुःख झालंय.

घरगुती औषधं सांगणारी माणसं कोकणाला नवीन नाहीत. कावीळ उतरवणारे आहेत, मुतखड्याला पानफुटीचं पान देणारे आहेत, जास्वंद आणि माका उकळून टकलावर केस उगवू बघणाऱ्या काकू तर प्रत्येक आळीत दोन. नखांकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ही सीट रिकामी होती. तात्यांनी खिडकीतून रुमाल टाकला.

रुमाल टाकण्याचं उगाच म्हणत नाही. तात्या एसटीत कंडक्टर होते. महाड-पोलादपूर, महाड-विन्हेरे, पोलादपूरहून आत उमरठकडे, अशा फेऱ्या मारण्यात त्यांची नोकरी सरली. भरलेल्या गाडीत कंडक्टरला प्रवाशाचा चेहरा दिसतोच असं नाही. त्याच्यापुढे हात येतात. पत्र्याच्या पेटीतून तिकीट ओढायचं, पंच मारायचा, हातावर ठेवायचं, सुटे परत करायचे. आषाढात लावणीच्या दिवसांत पुढे येणारी बोटं सुरकुतलेली, नखांच्या कडा पांढऱ्याफटक पडलेल्या आणि सोललेल्या. शिमग्याला तीच बोटं, तीच माणसं, आणि नखं धडधाकट. वर्षानुवर्षं हे चक्र तात्यांनी पाहिलं. यातून जो निष्कर्ष काढायला हवा होता तो त्यांनी काढला नाही. त्यांनी तेल काढलं.

त्याआधी शास्त्र काढलं, हेही सांगायला हवं. तात्या नखांच्या दुखण्याला घाटांची नावं देतात. नखाच्या टोकाला पापुद्रे सुटतात, एकावर एक थर निघून येतात, ते ‘वरंध’. त्या घाटात दरड कोसळते तशी. उभी चीर पडून ती मुळाकडे सरकू लागली की ‘कशेडी’. आडव्या लाटा आल्या की ‘आंबेनळी’. आणि नख मध्ये खोलगट होऊन कडा वर आल्या की ‘शिवथर’, कारण घळ. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीत त्यांनी एकदा एका परगावच्या बाईंना मोठ्यांदा सांगितलं, “तुमची आंबेनळी फार वाढलीय.” बाईंनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली होती.

आता तेल. श्रावण लागला की तात्यांच्या अंगणात चूल पेटते. घाण्यावरचं खोबरेल, त्यात मेंदीचा ओला पाला, कडुनिंबाची पानं आणि चिमूटभर मेथ्या. पाल्यातलं पाणी आटून तडतड थांबेपर्यंत मंद आच. मग गाळायचं, आणि कोमट असताना एरंडेल घालायचं. ते चिकट असल्यामुळे नखावरून चटकन पुसलं जात नाही. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसते. शेवटी तात्या करंजाचं तेल ओततात आणि आळीतल्या खिडक्या लागतात. करंज तेलाचा वास ज्याने घेतला आहे त्याला वर्णनाची गरज नाही आणि ज्याने घेतला नाही त्याचा विश्वास बसणार नाही. तात्यांचा पेशंट गाडीत चढला की पोलादपूरपर्यंत शेजारची सीट रिकामी राहते. हा एक फायदा मात्र सिद्ध झालेला आहे.

‘तात्या तेल काढतात’ असं म्हणायची पद्धत आहे. तात्या खुर्चीत बसतात. ढवळतात काकू. पाला खुडणं, वाटणं, गाळणं, बाटल्या धुणं आणि शेवटी ती तेलकट, कडू, काळी झालेली कढई राखेने घासणं, हेही काकूच करतात. कढई घासून झाली की तात्या त्यांना बाहेर बोलावतात आणि जमलेल्या मंडळींना काकूंचे हात दाखवतात. “बघा. एवढं पाण्यातलं काम, एवढी भांडी, आणि नखं बघा. एक तरी वरंध दिसतोय?” खरंच दिसत नाही. काकूंची नखं गुळगुळीत, गुलाबी, एकसारखी. या एका जाहिरातीवर तात्यांचा सगळा व्यवहार चालतो. व्यवहार म्हणायचं ते तोंडदेखलं, कारण पैसे ते घेत नाहीत. रिकामी बाटली मात्र ज्याची त्याने आणायची, आणि आणली नाही तर तात्या दुखण्यापेक्षा त्यावरच जास्त बोलतात.

तात्यांचा सिद्धान्त असा, की नख हा हाडाचा मळ. हे त्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. केस आणि नखं हे अस्थिधातूचे मल असं आयुर्वेदात सांगितलेलंच आहे. तात्या त्यापुढे एक स्टॉप जातात: नख ठिसूळ म्हणजे हाड ठिसूळ, म्हणजे चुना कमी, म्हणून दूध प्या. आमच्या गावातले त्वचेचे डॉक्टर एकदा त्यांच्या तावडीत सापडले होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं, त्याचा कडकपणा त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो, कॅल्शियम त्यात अगदी नावाला. नखातून पाणी त्वचेपेक्षा कितीतरी सहज आतबाहेर करतं. हात भिजला की नख फुगतं, वाळला की आकसतं. दिवसभर हेच चाललं की थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून भांडी-धुणी करणाऱ्यांची, चिखलात राबणाऱ्यांची नखं आधी जातात, आणि बायकांची पुरुषांपेक्षा जास्त. तेल लावल्याने नखातलं पाणी उडायचं कमी होतं, एवढा उपयोग आहे. मग ते खोबरेल असो की साधं व्हॅसलीन. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचा अंगठा उजेडाकडे धरून म्हणाले, “तुमची कशेडी सुरू होतेय.”

लहानपणी सावित्रीकाठच्या शेतांवरून बगळे उडाले की आम्ही पोरं नखं एकमेकांवर घासून त्यांच्याकडे नखांवर पांढरी फुलं मागायचो. नखावर पांढरा ठिपका आला की बगळ्याने ऐकलं. तो ठिपका येतो तो बहुतेकदा नखाच्या मुळाला कधीतरी बसलेल्या बारीक माराने, आपण विसरून गेलेल्या. तात्यांच्या मते तोही चुना. मला बगळा जास्त पटतो.

तात्यांची खरी अक्कल तेलात नाहीच, ती मुदतीत आहे. कुठल्याही नखाला ते एकच सांगतात, “सहा महिने लावा, मग बोला.” हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पोचायला त्याला सुमारे सहा महिने लागतात. म्हणजे तात्यांची मुदत संपते तेव्हा पेशंटच्या बोटावर जुनं नख उरलेलंच नसतं, नवं कोरं आलेलं असतं. पायाच्या अंगठ्याला ते दीड वर्ष सांगतात, आणि पायाचं नख बदलायला वर्ष ते दीड वर्षच लागतं. त्यात तेल निघतं श्रावणात, लावणी उरकल्यावर. पुढचे सहा महिने चिखल नाही, माघापर्यंत हात कोरडे. या दिवसांत नखाला सांडशीने पकडलं तरी ते बरंच होणार. मेंदीचा रंग केराटिनला धरून बसतो, धुतला तरी जात नाही, त्यामुळे नागपंचमीला रंगलेलं नख वर सरकताना सगळ्यांना दिसतं. दिवाळीला खालचा अर्धा भाग नवा आणि कोरा. तात्या तो दाखवून म्हणतात, “हा बघा माझ्या तेलाचा हिस्सा.”

2024 साली तर त्यांना लोकशाहीनेच पुरावा दिला. 7 मे रोजी रायगड लोकसभेचं मतदान झालं आणि साऱ्या महाड-पोलादपूरच्या डाव्या तर्जनीच्या नखांवर शाई लागली. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरचा डाग काही दिवसांत जातो, नखावरचा नख वाढेल तसाच जातो. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं. मध्ये साडेसहा महिने. तात्या सकाळपासून मतदान केंद्राच्या बाहेर, नियमाने ठरलेल्या अंतरावर, उभे राहिले. कार्यकर्त्यांना वाटलं, कुठल्या तरी पक्षाने माणूस पेरला. तात्या मात्र आत जाणाऱ्या प्रत्येकाची डावी तर्जनी बघत होते. ज्यांनी ज्यांनी तेल लावलं होतं त्यांच्या नखावरची मेची शाई साफ गेलेली.

“बघितलंस? जुनं नख मुळासकट हटवलं.”

“तात्या, मी तर तुमचं तेल लावलंच नाही. माझीपण गेली.”

तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. “आमच्याकडे गणपतीला आला होतास?”

“आलो होतो.”

“मग! वास घेतला असशील.”

तेल कधी लागू पडलंच नाही, तर त्याचीही सोय केलेली आहे. पथ्य. तेल लावल्यावर हात पाण्यात घालायचा नाही. बायका विचारतात, “मग भांडी कोण घासणार, तात्या?” यावर तात्या कौलांकडे बघतात. सहा महिन्यांनी तीच बाई चिरलेलं नख घेऊन आली की त्यांचा एकच प्रश्न, “पाण्यात हात घातलास ना गो?” घातलेला असतोच. खटला तिथेच निकाली. गंमत अशी, की तात्यांच्या सगळ्या उपचारात खरं औषध म्हणावं अशी ही एकच गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कुणाला घेता येत नाही.

पोलादपूरला तात्यांची थोरली बहीण राहते. तिला सगळे आत्या म्हणतात आणि तात्या तिला भितात. आत्याला बाटलीतलं औषध मान्य नाही. तिचं औषध म्हणजे कोकमाचं मुठेल. रातांब्याच्या बिया उन्हात खडखडीत वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या; वर तरंगणारा स्निग्ध थर काढून थिजला की मुठीत दाबून गोळे वळायचे. पिवळट पांढरा, दगडासारखा गोळा, वर्षभर टिकणारा. रात्री पळीत थोडा वितळवून टाचेच्या भेगांत आणि नखांच्या कडांना. याने भेगा भरतात हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही, आणि आता शहरात तोच गोळा कोकम बटर म्हणून डबीत भरून मिळतो. आत्याचं म्हणणं, “थंडीत ह्याचं तेल थिजतं आणि हा बाटली घेऊन उन्हात बसतो. औषध म्हणायचं की वाळवण?” पोलादपूरला घाटाखालचा गारठा पडतो आणि खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे तात्यांना उत्तर सुचत नाही. एका वर्षी बहिणीवर कुरघोडी करायला त्यांनी तेल बाजूला ठेवून नखांवर कच्चा लसूण ठेचून बांधायला सांगितला. कच्चा लसूण बांधून ठेवला तर कातडी भाजते. ती भाजली. आत्या पोलादपूरहून खास गाडी करून बघायला आली. त्यानंतर लसूण फोडणीत परत गेला तो गेलाच.

तात्यांना हसतो, पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवी. डोंगरातल्या एका वाडीवरून आई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आली होती. तात्यांनी नखं पाहिली आणि बाटली दिली नाही. “ही शिवथर आहे. हिला माझ्याकडे नको, आधी सरकारी दवाखान्यात ने, रक्त तपास.” नख चमच्यासारखं खोलगट होणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. हिमोग्लोबिन फारच खाली निघालं, गोळ्या सुरू झाल्या, मुलगी सावरली, काही महिन्यांनी नखंही सरळ आली. एसटीत इतके हात पाहिल्याचा हा उपयोग. अर्थात नखं सरळ आल्यावर तात्यांनी निकाल दिला तो असा: “गोळ्यांनी रक्त वाढलं. नखाला मी नंतर तेल दिलं होतं.”

आणि 2021 च्या 22 जुलैचा पूर. सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून गेलं. ते ओसरल्यावर महाडात घरोघर, दुकानोदुकानी गाळ उपसणं चाललं होतं. चिखल, मग पाणी, मग ब्लिचिंग पावडर, पुन्हा पाणी. सगळ्या गावाचीच नखं गेली होती. तात्यांच्या घरातही पाणी होतं, कढई वाहून गेली होती. काकूंच्या माहेरून दुसरी आणली, तेल केलं आणि तात्या बाटल्या घेऊन फिरले. बाटल्या ते दारात ठेवून निघून जात होते. त्या दिवसांत त्यांनी कुणाचंही नख बघितलं नाही, घाटाचं नाव काढलं नाही, रिकामी बाटली मागितली नाही. आळीतल्या लोकांना त्या वर्षी पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

मुलगा डोंबिवलीला असतो. त्याने एकदा बायोटीनच्या गोळ्या पाठवल्या. पेपरात वाचून आलेली ही नवी लाट. काही छोट्या अभ्यासांत ठिसूळ नखांना त्यांचा थोडा गुण दिसला आहे, पण तिथेही म्हणायचं तेच: काही महिने घ्या, मग बोला. तात्यांनी ती बाटली कपाटात उलटी ठेवली. पुढे कुणीतरी सांगितलं, की बायोटीन चालू असताना रक्त तपासलं तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, त्यामुळे तपासणीआधी डॉक्टरला सांगावं लागतं. हे खरं आहे. तात्यांनी ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं, की ज्यांनी बायोटीनचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही त्याची भीती बसली.

आता काकूंच्या नखांचं. हे मला काकूंनीच सांगितलं, आणि तात्या छापील मजकुरात फक्त क्रिकेट आणि निधनवार्ता वाचतात म्हणून इथे लिहितो. मोरीत, राखेच्या डब्यामागे, एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात रबरी हातमोजे. पहिली जोडी एमआयडीसीत कामाला असलेल्या पुतण्याने दिली होती, कोपरापर्यंत येणारी, जाडजूड, त्यातून ताट निसटायचं. नंतर सुनेने डोंबिवलीहून पातळ आणून दिले, आणि घाम येऊ नये म्हणून आत घालायला सुती. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भांडी, धुणं, ती कढई, सगळं काकू हातमोजे घालून उरकतात, हात पुसतात, बोटांना साधं खोबरेल लावतात, आणि मग तात्यांची हाक आली की बाहेर येऊन हात दाखवतात.

“मग तात्यांना सांगत का नाही?” मी विचारलं.

“कशाला?” काकू म्हणाल्या. “श्रावणात नुसते बसून राहिले तर माझ्या स्वयंपाकात लक्ष घालतील. त्यापेक्षा करंज बरं.”

तर कुणी मुंबई-ठाण्याकडून महाडला येणार असेल आणि तात्यांकडे जाणं होणार असेल, तर रिकामी बाटली न्यायला विसरू नये. सोबत मधल्या मापाचे रबरी हातमोजे न्यावेत, दोन जोड तरी. कढईच्या कडेने उजव्या अंगठ्याला लवकर भोक पडतं. बाटली तात्यांच्या हातात द्यावी. हातमोजे मागच्या दाराने.